श्रेयांक दिलेत, आता वाचणारा शिक्षकही द्या

प्रति,
वडोदरा शहरातील विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या अभ्यासमंडळांचे आणि विद्वत्परिषदांचे सन्माननीय सदस्य,

स.न.वि.वि.

येत्या सत्रापासून क्षमतावर्धन (भाषा आणि संवाद) आणि मूल्यवर्धित (पर्यावरण, डिजिटल साक्षरता यांसारखे) या दोन्ही गटांतील पेपरांची परीक्षा केवळ बहुपर्यायी प्रश्नांची होईल, सर्व विद्याशाखांचे तास एकत्र घेतले जातील आणि त्यांतला बराचसा भाग आधीच चित्रित केलेल्या व्याख्यानांच्या रूपाने पडद्यावर दाखवला जाईल, अशा आशयाचे परिपत्रक मी जेथे शिकवते त्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर नुकतेच लागले. एवढ्यावरच असते तर प्राचार्यांच्या दालनात जाऊन मी माझे म्हणणे मांडले असते आणि गप्प बसले असते. परंतु शहरातील अन्य महाविद्यालयांत शिकवणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलताना लक्षात आले की, कोठे परिपत्रकाने तर कोठे परिपत्रकाविनाच, सगळीकडे वारे याच दिशेने वाहत आहे. शिवाय ज्यांच्या फीवर हे पेपर चालतात त्या पालकांना आणि ज्यांच्या गुणपत्रिकेवर ते छापून येतात त्या विद्यार्थ्यांना या निर्णयात कोणी विचारलेले नाही. म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून असले तरी जाहीरपणे लिहीत आहे.

माझा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी येतो. संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतल्यानंतर बरीच वर्षे मी मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात नोकरी केली, आणि नव्याने रुजू होणाऱ्या पदवीधरांचे अहवाल तपासणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग होता. आता मी अतिथी व्याख्याती म्हणून संवादकौशल्याचा आणि आकडेवारी वाचण्याचा असे पेपर शिकवते. कारखान्यात आलेल्या मुलामुलींना रसायनशास्त्र येत नसे असे क्वचितच घडले. त्यांना जे जमत नसे ते वेगळेच होते. नमुना नापास का झाला हे पाच ओळींत सांगता येत नसे. दोन आकड्यांतला फरक मोठा आहे की यंत्राच्या नेहमीच्या चढउतारात बसतो, हे ठरवता येत नसे. आणि आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे वरिष्ठांना स्पष्ट शब्दांत लिहिण्याचे धाडस होत नसे. हे सगळे शिकवण्यासाठी पदवीत स्वतंत्र जागा केली जाणार, असे ऐकले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

जागा केली गेली, हे नाकारता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, सांगितले आहेत. मुख्य विषयाला ६०, दुय्यम विषयाला २४. त्याखेरीज बहुविद्याशाखीय पेपरांना ९, क्षमतावर्धनाला ८, कौशल्यवर्धनाला ९ आणि मूल्यवर्धित पेपरांना ६ ते ८. या शेवटच्या चार गटांची बेरीज ३२ ते ३४ होते. म्हणजे पदवीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग, दुय्यम विषयापेक्षाही मोठा, सर्व शाखांना समान असणाऱ्या क्षमतांसाठी राखलेला आहे. गुजरातेत ही रचना २०२३-२४ पासून लागू झाली आणि त्या वर्षीची पहिली तुकडी तीन वर्षांच्या हिशेबाने २०२६ मध्ये पदवी घेते. इतका मोठा हिस्सा ज्या पेपरांना दिला, ते आपल्याकडे ‘दोन क्रेडिटवाले’ म्हणून ओळखले जातात, आणि ते नाव विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षकांच्या खोलीत रूढ झाले आहे.

माझी पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार परीक्षेविषयी आहे. क्षमतावर्धनाच्या पेपरांतून विद्यार्थ्याला एक आधुनिक भारतीय भाषा आणि इंग्रजी यांत चिकित्सक वाचन करता यावे, मुद्देसूद लिहिता यावे, आपला युक्तिवाद सुसंगतपणे मांडता यावा, अशी अपेक्षा आयोगाच्याच चौकटीत आहे. यांपैकी काहीही चार पर्यायांपैकी एकापुढे खूण करून तपासता येत नाही. ‘परिणामकारक अर्जाची वैशिष्ट्ये कोणती’ या प्रश्नाला अचूक उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला अर्ज लिहिता येतो की नाही, हे त्या उत्तरावरून कोणालाही कळणार नाही. जरा हिशेबही करून पाहावा. पन्नास प्रश्नांची, चुकीच्या उत्तराला गुण न कापणारी प्रश्नपत्रिका घ्या. ज्याला फक्त १० प्रश्नांची उत्तरे येतात, त्याने उरलेल्या ४० प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या, तर सरासरीने त्यांतली आणखी १० बरोबर येतात. त्याचे गुण झाले ५० पैकी २०, म्हणजे ४० टक्के. विषयाचा पाचवा भाग येत असलेला हा विद्यार्थी बहुतेक ठिकाणी उत्तीर्ण ठरेल आणि त्याच्या गुणपत्रिकेवर ‘संवादक्षमता’ असे छापून येईल.

दुसरी तक्रार एकत्रित वर्ग आणि चित्रित व्याख्याने यांविषयी आहे. ती बाजू मी जवळून पाहिलेली आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतरच्या सत्रात वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीने वर्गात लिहिण्यासाठी स्वतःच एक विषय आणला. वडिलांच्या दुकानात पाणी भरले होते आणि विमा कंपनीला पत्र पाठवायचे होते. तिने गुजरातीत लिहिलेल्या पहिल्या मसुद्याचा सारांश असा होता की, आमचे अतिशय नुकसान झाले आहे, तरी आमच्या परिस्थितीचा विचार करून लवकरात लवकर योग्य ती भरपाई द्यावी. व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी समासात फक्त प्रश्न लिहिले: पाणी जमिनीपासून किती उंच चढले? किती तास राहिले? भिजलेला माल कोणता, आणि त्याची खरेदीची बिले आहेत का? छायाचित्रे कोणत्या दिवशीची आहेत? वरच्या फळीवरचा माल वाचला असेल तर ते पत्रात का नाही? पुढच्या आठवड्यात ती जे पान घेऊन आली, त्यात मालाचा तक्ता होता, वाचलेल्या मालाची वेगळी ओळ होती आणि ‘अतिशय’ हा शब्द कोठेही नव्हता. त्यानंतर आणखी एक मसुदा झाला, त्यात विम्याच्या करारातील कलमाचा क्रमांक आला. भरपाईचे पुढे काय झाले हा या पत्राचा विषय नाही. त्या मुलीला आता अशी दुसरी कोणतीही अडचण आली तर काय विचारायचे आणि काय मांडायचे हे कळते, आणि हे शिकवायला कोणत्याही चित्रफितीची गरज पडली नाही. कोणीतरी तिचे पान वाचून परत देणे, एवढेच लागले.

सन्माननीय सदस्यहो, या पेपरांत शिकवण्याचा मुख्य भाग हाच आहे. पोहणे काठावरून समजावून सांगता येत नाही, तसे लिहिणे आणि युक्तिवाद करणे व्याख्यानातून येत नाही. विद्यार्थ्याने करून पाहायचे, शिक्षकाने त्याचे काय चुकले ते दाखवायचे आणि विद्यार्थ्याने ते पुन्हा करायचे, हे चक्र जेथे फिरत नाही तेथे श्रेयांक कितीही दिले तरी क्षमता वाढत नाही. एकत्रित वर्ग आणि चित्रित व्याख्याने यांमुळे हे चक्र नेमके शिक्षकाच्या वाचनापाशी तुटते. सभागृहात दोनशे विद्यार्थी बसवून पडदा लावला की हजेरी लागते, तास भरतो, अहवालात सगळे हिरवे दिसते.

तिसरी तक्रार हे पेपर कोणाकडे सोपवले जातात याविषयी. ज्यांचा वर्कलोड, म्हणजे नेमून दिलेले कामाचे तास, भरत नाही त्यांना ते दिले जातात, आणि तेही कमी पडले तर आमच्यासारखे तासिका तत्त्वावरील शिक्षक असतात. शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांना डिजिटल साक्षरता आणि वनस्पतिशास्त्राच्या बाईंना उद्योजकता शिकवताना मी पाहिले आहे. दोघेही आपापल्या विषयांत उत्तम, आणि दोघेही या तासाला जाताना कपाळावर आठ्या घेऊन जाणारे. काही ठिकाणी तर हा भाग बाहेरच्या प्रशिक्षण संस्थांना दिला जातो. त्यांच्या एका सत्राला मी मागे बसले होते. हस्तांदोलन किती घट्ट असावे आणि मुलाखतीला कोणत्या रंगाचा सदरा घालावा यावर बराच वेळ गेला. नोकरी देणाऱ्यांच्या बाजूने मी इतकी वर्षे बसले, परंतु सदऱ्याच्या रंगावरून कोणाची निवड झाल्याचे मला तरी आठवत नाही.

पर्यावरणाचा पेपर हे या सगळ्याचे सर्वांत जुने उदाहरण आहे, आणि त्यावरून काही शिकायचे तर आपल्याकडे पुरेसा काळ होता. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर आणण्याचा निर्देश दिला, आणि पुढे पदवीच्या प्रत्येक शाखेत तो सक्तीचा झाला. आज त्याचे प्रत्यक्ष रूप पाहायचे असेल तर कोणत्याही महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जावे. तेथे ‘जलप्रदूषण’, ‘ध्वनिप्रदूषण’ असे तयार प्रकल्प फाइलसह मिळतात, नाव घालायला जागा मोकळी ठेवलेली असते. आणि त्याच वेळी शहराच्या मधून, काही वर्गांच्या खिडक्यांतून दिसेल इतक्या जवळून, मगरींसह विश्वामित्री वाहते आहे. पावसाळ्यात दरवर्षी आपण ऐकतो की शहरातील काळा घोडा पुलापाशी नदीची धोक्याची पातळी २५-२६ फूट आहे, आणि त्याच बातमीत आजवा सरोवराची पातळी दोनशे दहाच्या पुढच्या फुटांत सांगितली जाते. सयाजीराव महाराजांच्या काळातले ते सरोवर काही दोनशे फूट खोल नाही. मग हे दोन आकडे कोणत्या शून्यापासून मोजलेले आहेत, त्यांची तुलना करता येते का, सरोवरातून पाणी सोडले तर शहरात ते केव्हा पोहोचते, आणि हे शेजाऱ्यांना न घाबरवता कसे सांगावे? या एकाच प्रश्नात भूगोल आहे, अंकगणित आहे, प्रशासन आहे आणि भाषाही आहे. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखांची मुले त्यावर एकत्र बसून काम करू शकतात. आमच्या प्रश्नपत्रिकेत मात्र विचारले जाते की प्रदूषणाचे प्रकार किती.

बहुविद्याशाखीय पेपरांबद्दल थोडक्यातच लिहिते. बारावीपर्यंत न शिकलेल्या क्षेत्राची ओळख व्हावी म्हणून ही तरतूद आहे. प्रवेशाच्या अर्जावर पर्यायांची यादी लांबलचक असते. वेळापत्रक लागले की त्यांतला एखादाच उरतो. निवड हा शब्द मग यादीतून काढून तरी टाकावा.

भाषेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. या शहरात मराठी घरांतली असंख्य मुले गुजराती किंवा इंग्रजी शाळांत शिकून पदवीला येतात. घरी मराठी बोलतात, रस्त्यावर गुजराती, आणि परीक्षेत इंग्रजी. यांपैकी कोणत्याही एका भाषेत त्यांना सलग दोन पाने नीट लिहिता येत नाहीत, अशी अवस्था मी नेहमी पाहते. आधुनिक भारतीय भाषेच्या पेपरात मराठीही निवडता यावी ही मागणी अस्मितेची म्हणून मी करत नाही, आणि ज्याला गुजरातीत लिहिणे सोपे जाते त्याने गुजरातीतच लिहावे. परंतु विद्यार्थी पुरेसे असूनही केवळ प्रश्नपत्रिका काढण्याची गैरसोय म्हणून मराठीचा पर्याय अर्जावर येतच नसेल, तर ते योग्य नाही.

आपल्यातील काही जण म्हणतील, आणि खासगीत म्हणतातही, की अशा सर्वसाधारण क्षमता विषयाच्या अभ्यासातून आपोआप येतात, त्यांना वेगळे पेपर हवेत कशाला. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. विषयाशिवाय चिकित्सक विचार शिकवता येत नाही. चिकित्सा करायला समोर काहीतरी ठोस लागते. पण आपोआप येण्यासाठी विषयाच्या तासाला तरी विद्यार्थ्याने लिहिले आणि बोलले पाहिजे, आणि तेथेही आता श्रुतलेखन आणि अपेक्षित प्रश्नसंच यांचेच राज्य आहे. येथे या शहराशीच जोडलेले एक उदाहरण सुचते. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र असूनही त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचे अभ्यासक्रम घेतले, आणि मे १९१६ मध्ये डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी, परका विषय, समोर जाणकार मंडळी, आणि स्वतः लिहिलेला युक्तिवाद. असामान्य बुद्धीच्या माणसाचा दाखला सर्वांना लावू नये हे मला कळते. मी बोट ठेवते आहे ते त्या व्यवस्थेवर, जिच्यात विद्यार्थ्याने लिहून आणलेले ऐकायला कोणीतरी बसलेले असते.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तो खरा आहे. म्हणून त्याचा हिशेब मांडते. दोन श्रेयांकांचा पेपर म्हणजे सत्रात ३० तासांचे अध्यापन. चाळीस विद्यार्थ्यांच्या तुकडीने सत्रात चार वेळा एकेक पान लिहिले तर १६० पाने होतात. एका पानाला सहा मिनिटे धरली तर १६ तासांचे वाचन. दोनशे विद्यार्थ्यांच्या पाच तुकड्यांना ८० तास. हे ८० तास कोणी फुकट द्यावेत असे मी म्हणत नाही. ते शिक्षकाच्या कामाच्या तासांत अधिकृतपणे धरले जात नाहीत, हीच तर अडचण आहे. आज शिकवल्याचे पैसे मिळतात, वाचल्याचे मिळत नाहीत, आणि त्यामुळे कोणी वाचत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते. परिपत्रकातील केवळ बहुपर्यायी परीक्षेचा निर्णय क्षमतावर्धनाच्या पेपरांपुरता तातडीने मागे घ्यावा, आणि निम्म्याहून अधिक गुण विद्यार्थ्याने वर्गात बसून, हाताने लिहिलेल्या व शिक्षकाने शेरे देऊन परत केलेल्या कामाला द्यावेत. वर्गात बसून असे मुद्दाम लिहिते आहे, कारण घरून टंकून आणलेले पान हल्ली कोणी लिहिले, मुलाने की यंत्राने, हे शपथेवर सांगता येत नाही. या पेपरांची तुकडी चाळीसच्या वर जाऊ देऊ नये. ज्या सत्रात ते शक्य नाही त्या सत्रात चार पेपर उरकण्यापेक्षा दोनच नीट चालतील अशी मांडणी करावी. वाचनाचे तास वर्कलोडमध्ये धरावेत, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांना त्यांचा मोबदला द्यावा. प्रत्येक महाविद्यालयात या पेपरांची जबाबदारी एका कायम नेमणुकीच्या प्राध्यापकाकडे किमान तीन वर्षे असावी, म्हणजे दरवर्षी नव्याने कोणाच्या तरी गळ्यात ते पडणार नाहीत. पर्यावरणाच्या पेपरात तयार प्रकल्प स्वीकारणे बंद करून तिन्ही शाखांच्या मिश्र गटांना शहरातला एक प्रश्न द्यावा; पहिल्या वर्षी विश्वामित्री पुरेशी आहे. भाषेच्या पेपरात ठरावीक संख्येने मागणी आल्यास मराठीसह कोणतीही आधुनिक भारतीय भाषा उपलब्ध करावी, आणि ती संख्या प्रवेशाच्या आधी जाहीर करावी.

आणि एक मागणी खर्चाविना पूर्ण होण्यासारखी आहे. पुढील बैठकीला येताना प्रत्येक सदस्याने आपल्या संस्थेतील गेल्या सत्राच्या क्षमतावर्धनाच्या कोणत्याही दहा उत्तरपत्रिका, निवड न करता, सोबत आणाव्यात आणि इतर सदस्यांसमोर त्या वाचाव्यात. बैठकीच्या कार्यसूचीत हा विषय घ्यावा आणि झालेला निर्णय, तो काहीही असो, कारणांसह प्रथम सत्राचे वर्ग सुरू होण्यापूर्वी सूचनाफलकावर लावावा. माझ्या विद्यार्थ्यांची तपासलेली पाने, त्यांची संमती घेऊन आणि नावे झाकून, मंडळांपुढे ठेवण्यास मी तयार आहे. बोलावणे आल्यास कोणत्याही मानधनाविना येईन.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक अतिथी व्याख्याती,
वडोदरा